पीएम किसानचा हप्ता आला नाही? धावपळ करण्याआधी तो कुठं अडकलाय ते बघा

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात एसटीच्या थांब्याला लागून माझं सेवा केंद्र आहे. एक गाळा, दोन कॉम्प्युटर, अंगठ्याचं मशीन आणि उन्हाळ्यात कागद ओढायला कुरकुर करणारा प्रिंटर. २०२० च्या एप्रिलअखेर केंद्रं उघडायला परवानगी मिळाली तेव्हा मी शटर निम्मं खाली ओढून आत बसायचे. बाहेर चुन्यानं आखलेले गोल. एकेका गोलात एकेक माणूस, तोंडाला उपरण्याचा नाहीतर पदराचा आडोसा, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "ताई, माझं दोन हजार आलं का बघ की."

त्याचं मूळ २६ मार्चच्या घोषणेत होतं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे, रेशनवर जादा धान्य, उज्ज्वलावाल्यांना सिलिंडर, आणि ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलमध्येच दोन हजार. टीव्हीवरून व्हॉट्सॲपवर आणि तिथून आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्या दोन हजारांचं 'कोरोनाचं अनुदान' झालं होतं.

ते वेगळं अनुदान नव्हतंच. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार तीन हप्त्यांत येतात: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. त्यातला पहिला हप्ता जुलैपर्यंत कधीही आला असता, तो सरकारनं एप्रिलमध्येच सोडला. म्हणजे आपलेच पैसे, जरा लवकर. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. पण शिवारात कलिंगडं उन्हानं फुटत होती, गाडीवाला यायला तयार नव्हता, आणि घरात तेलमीठ आणायला नोट नव्हती. अशा वेळी दोन हजार लवकर येण्याला किंमत होतीच.

त्या दिवसांत मी दोनशे पानी एक वही घातली. ज्याचा हप्ता आला नाही त्याचं नाव, काय अडलं, काय केलं, कधी सुटलं. जून संपेपर्यंत वहीत ६१ नावं झाली. 'वरूनच आलं नाही' असं सगळेच म्हणायचे, पण त्या ६१ पैकी एकाचंही वर अडलेलं नव्हतं. आधार, सातबारा आणि पासबुक या तीन कागदांचं कुठंतरी आपापसात पटत नव्हतं. आजही केंद्रावर येणारी निम्मी कामं तीच असतात, म्हणून ती वही समोर ठेवून हे लिहितेय.

आधी स्टेटस, मग पायपीट

लॉकडाऊनमध्ये माणसं पोलिसांची काठी चुकवत बँकेत जायची, दोन तास उन्हात उभी राहायची, पासबुक भरून घ्यायची आणि एन्ट्री नाही म्हणून परत यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पासबुक तुम्हाला एवढंच सांगतं की पैसे आले नाहीत. का आले नाहीत ते पोर्टलवर कळतं.

पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन उघडा. 'फार्मर्स कॉर्नर'मध्ये 'नो युवर स्टेटस' आहे. तिथं नोंदणी क्रमांक मागतात, जो कुणालाच पाठ नसतो. घाबरू नका, त्याच पानावर 'नो युवर रजिस्ट्रेशन नंबर' असतं. आधार नाहीतर मोबाईल नंबर टाकून ओटीपी दिला की क्रमांक येतो. तो पासबुकाच्या पहिल्या पानावर आतल्या बाजूला लिहून ठेवा. मी सगळ्यांना तिथंच लिहून देते, कारण सुटा कागद पुढच्या वेळी सापडत नाही.

स्टेटस उघडल्यावर सगळ्यात आधी तीन गोष्टी बघायच्या: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं) आणि आधार-बँक सीडिंग (आधारला बँक जोडणं). तिन्हींपुढं 'येस' हवं. जिथं 'नो' आहे तिथंच तुमचे दोन हजार बसलेत. बँकेचं 'नो' असताना तलाठ्याकडं जाऊन उपयोग नाही आणि जमिनीचं 'नो' असताना बँकेत भांडून उपयोग नाही. निम्म्या लोकांच्या चपला चुकीच्या ऑफिसच्या वाटेवर झिजतात.

तिन्ही 'येस' असतील तर खाली हप्त्याची ओळ वाचा. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्यानं यादीवर सही करून पैसे मागितलेत. 'एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग' म्हणजे पैसे सोडायचा आदेश निघालाय, बँकेचं उत्तर यायचंय. या दोन्हींत काही करायचं नसतं, चार-आठ दिवस गप्प बसायचं. आणि पैसे पडलेले असतील तर तारीख, बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे दिसतात. ते आकडे नीट वाचा. का, ते पुढं सांगते.

नाव: ज्ञानू, ज्ञानदेव की ज्ञानोबा

ही चूक माझी आहे, म्हणून आधी सांगते. २०१९ मध्ये योजना नवी होती. २४ फेब्रुवारीला सुरू झाली आणि आमच्याकडं याद्या भरायची एकच झुंबड. मी सातबारा समोर ठेवून नावं टाइप करत गेले. सातबाऱ्यावरची नावं पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी कानानं ऐकून लिहिलेली. एका आजोबांचं सातबाऱ्यावर ज्ञानू, आधारवर ज्ञानदेव, पासबुकात ज्ञानोबा. माणूस एक, जमीन एक, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते तिघं. सुरुवातीचे हप्ते तसेच जमा झाले. मग १ डिसेंबर २०१९ पासून आधारशी जुळलेल्या माहितीवरच पैसे सोडायचं ठरलं आणि माझी चूक उघडी पडली. एप्रिलमध्ये सगळ्यांचे आले, आजोबांचे नाहीत. वहीतलं पहिलं नाव त्यांचंच आहे.

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. "पोरी, तूच घातलंस, तूच काढ," एवढंच म्हणाले. मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तर रीत अशी. योजनेत नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर हवं. पोर्टलवर आधारप्रमाणे नाव दुरुस्त करायची सोय आहे आणि ते घरबसल्या होतं. पण आधारवरचंच नाव चुकलेलं असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते दुरुस्त करा आणि मगच पोर्टलला हात लावा. उलट्या क्रमानं केलं तर दोनदा करावं लागतं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का तेही त्याच खेपेत बघून घ्या. आमच्याकडं बऱ्याच म्हाताऱ्यांच्या आधारला पुण्यातल्या पोराचा जुना, बंद पडलेला नंबर आहे. मग ओटीपी कुणालाच जात नाही.

बँक: लिंक वेगळं, सीडिंग वेगळं

इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली, साहेबांनी 'झालं लिंक' म्हणून सांगितलं, तर बँकेनं तुमचं आधार आपल्या खात्यावर चढवलं. पण सरकारी पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार नंबर बघून येतात. कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत न्यायचे याचा एक नकाशा एनपीसीआयकडं, म्हणजे बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडं, असतो. त्या नकाशात तुमच्या आधारपुढं एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. त्यात नाव चढणं म्हणजे सीडिंग. आणि सगळ्यात शेवटी जिथं सीडिंग झालं तिथं पैसे जातात, तुम्ही पासबुक कुठलंही घेऊन फिरा.

आमच्या वस्तीवरच्या एक काकू. शेत त्यांच्याच नावावर, नवरा वारल्यापासून. लॉकडाऊनच्या हप्त्यापासून पुढं एकही पैसा आला नाही म्हणून त्यांनी सरकारला, बँकेला आणि मला अशा क्रमानं बोल लावले. मी स्टेटस काढलं तर हप्ते जमा! तारखेसकट. काकूंना वाटलं मीच खाल्ले. खात्याचे शेवटचे आकडे बघितले तर ते त्यांच्या पासबुकातले नव्हते. विचारता विचारता निघालं की, लॉकडाऊनमध्ये पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर पैसे काढून द्यायचा, तेव्हा त्यांनी पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं काढलं होतं. "त्यानं मशीनवर बोट ठेवायला सांगितलं, मी ठेवलं." खातं निघालं, सीडिंग तिकडं गेलं, आणि पैसे मुकाट्यानं तिथं साठत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे एकदम काढले आणि मला भजी खायला पाठवली.

म्हणून 'माझे आधार' पोर्टलवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. दुसऱ्या बँकेत पैसे हवे असतील तर त्या शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय' असं स्पष्ट म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात) आणि संमतीचा अर्ज भरून पोच घ्या. नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर नुसतं लिंकच करतील. एका शाखेत माझ्या दिराला तीन वेळा तसंच परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी त्यानं हा शब्द कागदावर लिहून नेला.

खातं केवायसीअभावी गोठलेलं असेल, तर सीडिंग असूनही पैसे परत जातात. वर्षातून एकदा तरी त्या खात्यातून स्वतः शंभर रुपये काढा, भरा. आणि सीडिंग पीककर्जाच्या खात्याला करू नका, बचत खातंच लागतं.

जमीन: सातबारा कुणाच्या नावावर आहे

योजनेची खरी अट इथं आहे. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर असायला हवी. सुरुवातीला पाच एकरांच्या आतलेच शेतकरी होते. २०१९ च्या जूनपासून ती मर्यादा काढली. पण तारीख तशीच राहिली. त्या तारखेनंतर विकत घेतलेली, बक्षीसपत्रानं मिळालेली, बापानं हयातीत पोरांना वाटून दिलेली जमीन चालत नाही. आमच्याकडं योजना आल्यावर वाटण्या करून घेतलेली बरीच घरं आहेत. त्यांचे अर्ज परत आले की ते मला विचारतात, 'शेजाऱ्याचं कसं झालं?' शेजाऱ्याचा बाप २०१५ ला वारला होता, एवढंच.

याला अपवाद एकच: खातेदार वारला आणि वारसा हक्कानं जमीन आली. मग त्या तारखेनंतरचा फेरफार असला तरी चालतो. पण त्यासाठी वारस नोंद केलेली हवी, आणि आमच्या भागात वारस नोंद म्हणजे 'करू की, जमीन कुठं पळून जातीय' या सदरातलं काम. आमच्याच घरची गोष्ट सांगते. सासऱ्यांनी आयुष्यभर जी जमीन कसली ती कागदावर त्यांच्या वडिलांच्या नावावर, आणि आजेसासरे जाऊन चोवीस वर्षं झालेली. सेवा केंद्रवालीच्या सासऱ्यालाच हप्ता नाही! गावाला त्या वर्षी हसायला तेवढंच होतं.

वारस नोंद अशी करतात. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र, सातबारा, आठ-अ आणि आधार. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण काम वाढतं. अर्ज ई-हक्क पोर्टलवर ऑनलाइन करता येतो, नाहीतर चावडीत जाऊन. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, वारस रजिस्टरला नोंद घेऊन फेरफार धरतात, पंधरा दिवसांची नोटीस निघते, कुणाची हरकत नसली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि नाव सातबाऱ्यावर येतं. हरकत आली तर मात्र सुनावणी. बहिणींची नावं गाळायचा शहाणपणा करू नका. आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या हरकती तिथूनच आल्यात, आणि त्या आल्या ते बरंच झालं असं माझं मत आहे. सासऱ्यांच्या दोन्ही बहिणींची नावं आम्ही लावली. फेरफाराला अडीच महिने लागले, कारण एक आत्या सोलापूरला आणि एक कर्नाटकात, आणि मधे गाड्या बंद.

नाव लागलं की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून घ्या. पंधरा रुपयांत मिळतो आणि त्याला कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नसते. त्यावर नवी नोंदणी करायची. आता नव्या नोंदणीला ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे सरकारच्या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदवहीतला, शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, तो आधी काढून या. मेलेल्या माणसाच्या नोंदीत नुसतं नाव बदलून मिळत नाही. आणि घरचं माणूस गेल्यावर त्याच्या एटीएमवरून हप्ते काढत राहू नका. ते पैसे वसूल होतात, आणि तेव्हा विचारणा जिवंत माणसाकडं होते.

जमीन नावावर असूनही 'लँड सीडिंग नो' दिसत असेल तर सातबारा, आठ-अ, आधार आणि फेरफार घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. पूर्वी हे महसूलकडं होतं, म्हणून लोक अजून तहसीलला जातात.

ई-केवायसी आणि झिजलेली बोटं

हे लॉकडाऊनमध्ये नव्हतं, २०२२ पासून आलं. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर पोर्टलवर ओटीपीनं फुकट, दोन मिनिटांत होतं. नसेल तर केंद्रावर अंगठा, पंधरा रुपये. कुणी शंभर मागत असेल तर पावती मागा.

अंगठ्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. ज्वारी काढून, कांदा कापून, भांडी घासून आलेल्या बाईच्या बोटांना रेषाच उरत नाहीत. मशीनवर लाल दिवा लागतो, बाई ओशाळते, जणू तिनंच काहीतरी चूक केली. मी आता पाण्याचा तांब्या आणि साबणाची वडी गाळ्यातच ठेवते. आधी हात धुवायचे, कोरडे पुसायचे, मग बोट ओलसर फडक्यावर नुसतं टेकवायचं आणि मशीनवर सपाट ठेवायचं. टोकानं दाबायचं नाही. उजवा अंगठा नाही घेतला तर डाव्या हाताची अनामिका बघा. ते बोट कामात कमी येतं, त्याचा ठसा बऱ्याचदा शाबूत असतो. सकाळी लवकर आलात तर जास्त बरं, दुपारी बोटं घामानं घसरतात.

तेही जमलं नाही तर चेहरा. २०२३ च्या जूनपासून पीएम किसानच्या मोबाईल ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते. सोबत 'आधार फेस आरडी' नावाचं ॲप टाकावं लागतं. एका मोबाईलवरून दुसऱ्यांचंही करता येतं, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आजीला रिक्षात घालून माझ्याकडं आणायची गरज नाही. उजेड तोंडावर हवा, पाठीमागं खिडकी नको, आणि डोळे मिटून उघडायला सांगितलं की मिटून उघडायचे. आमच्या एक आजी डोळे मिटल्या त्या मिटल्याच. देवाचं नाव घेत होत्या.

नोटीस आली तर

काहींना हप्त्याऐवजी तहसीलची नोटीस आली, घेतलेले पैसे परत भरा म्हणून. मागच्या वर्षी आयकर भरलेला माणूस, नोकरीतला किंवा निवृत्त सरकारी कर्मचारी, महिन्याला दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारा, आजी-माजी आमदार-खासदार, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर-वकील, यांना योजना नाही. शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणीला सूट आहे. घरात नवरा, बायको आणि अज्ञान (अठराच्या आतली) मुलं मिळून एकच लाभ. दोघांच्या नावावर वेगळे सातबारे असले तरी एकच.

इथं एक बारीक गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी सीएकडून रिटर्न भरून घेतलेली बरीच पोरं आमच्याकडं आहेत. अट कर भरल्याची आहे. शून्य कराचं रिटर्न भरलं म्हणून कुणी आपोआप अपात्र होत नाही. अशी नोटीस आली तर रिटर्नची प्रत जोडून लेखी खुलासा द्या आणि पोच घ्या. खरंच अपात्र असाल तर पोर्टलवरून किंवा तहसीलमध्ये पैसे भरा आणि पावती जपून ठेवा. त्या पावतीवाचून दुसरी नोटीस आलेली मी बघितलीय.

ज्यांच्यासाठी माझ्याकडं रीत नाही

वहीत शेवटी चार पानं वेगळी आहेत. ती बटईदारांची. आमच्या ओढ्याच्या पलीकडं एका जोडप्यानं तीन एकर बटईनं घेऊन कलिंगड लावलं होतं. रोपं, मल्चिंग, ठिबकच्या नळ्या, सगळं उधारीवर. एप्रिलमध्ये एक गाडीसुद्धा भरली नाही. शेवटी शेळ्यांना फोडून घातलं. त्या शेताचा लॉकडाऊनचा हप्ता मालकाच्या खात्यात पडला, आणि मालक पुण्याला. त्यात त्यांचा काही दोष नाही, सातबारा त्यांचा आहे. पण ती बाई माझ्यासमोर आधार घेऊन उभी होती आणि माझ्याकडं तिच्यासाठी भरायला फॉर्मच नव्हता. ही योजना कसणाऱ्याला नाही, नावावर असणाऱ्याला मिळते. मी तिचं जनधन खातं बघितलं, पाचशे आले होते. तेवढेच काढून दिले.

तेव्हा बटईदार असाल तर पीएम किसानसाठी कुणालाही पैसे देऊ नका, 'करून देतो' म्हणणारा तुम्हाला फसवतोय.

फसवणुकीचं निघालंच आहे तर एक सांगते. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल येते. ती उघडू नका, ती मोबाईलमधून खातं रिकामं करते. हप्त्यासाठी सरकार कधीच फाईल पाठवत नाही. ॲप हवं तर प्ले स्टोअरमधूनच घ्या.

जुना हप्ता मिळतो का

हा प्रश्न आजही येतो: २०२० चा तो हप्ता राहिला तो राहिलाच का? नियम असा आहे की, तुमचं नाव त्या वेळी पोर्टलवर चढलेलं असेल आणि अपात्रता सोडून दुसऱ्या कुठल्या कारणानं पैसे अडले असतील, तर कारण दूर झाल्यावर राहिलेले सगळे हप्ते द्यायचे असतात. ज्ञानू-ज्ञानदेव आजोबांचे तसेच आले, ऑगस्टमध्ये, दोन एकदम. पण ज्याची नोंदणीच नंतर झाली, त्याला नोंदणीच्या आधीचे मिळत नाहीत. सासऱ्यांना लॉकडाऊनचा हप्ता मिळाला नाही तो याच कारणानं. ते अजून मला सुनावतात.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीसाठी वेगळा अर्ज नाही. २०२३ पासून तेही वर्षाला सहा हजार देतात आणि यादी पीएम किसानचीच धरतात. म्हणजे एका ठिकाणचं 'नो' दोन्हीकडं नडतं.

सगळं 'येस' असून पैसे येत नसतील तर १५५२६१ ला फोन लावा. लागायला वेळ लागतो, सकाळी दहाच्या सुमाराला लावा. पोर्टलवर 'हेल्प डेस्क'मध्ये तक्रार नोंदवून क्रमांक घेतला तर जास्त बरं, कारण कृषी कार्यालयात तोंडी सांगण्यापेक्षा क्रमांक दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो.

माझ्याकडं येणार असाल तर आधार, सातबारा-आठ-अ, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल, चार्ज केलेला, घेऊन या. मोबाईल पोराकडं असेल तर पोराला फोनवर तयार ठेवा, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. बाजाराच्या दिवशी येऊ नका, गर्दी असते. दुपारी दोन ते चार लाईट नसते.